मे महिन्यातले डोळे

वहीची पानं एकशे ब्याण्णव होती. त्यातली एकशे एक्क्याण्णव लिहिलेली आणि एक अर्ध्यातून फाटलेलं. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: तारीख, काम, तपशील, शेरा. पहिले तीन निळ्या शाईत, आजीच्या अक्षरात. चौथा लाल पेन्सिलीत, नानांच्या. पहिली नोंद १९७९च्या नोव्हेंबरातली, शेवटची २०१६च्या ऑगस्टमधली. एकूण नोंदी एक हजार एकशे सव्वीस. जुईने त्या दोनदा मोजल्या, कारण पहिल्या वेळी एक हजार एकशे चोवीस आल्या होत्या आणि दोन नोंदी कुठे गेल्या हे कळल्याशिवाय तिला चहा गोड लागला नसता. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातले पहिले तीन आठवडे मात्र रिकामे होते. त्याचं कारण भोपाळमध्ये कोणी कोणाला विचारत नाही.

काम सोपं होतं, निदान सोपं म्हणून तिच्याकडे आलं होतं. पुढच्या रविवारी नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक छोटंसं पुस्तक पडावं असं जितेंद्रकाकांच्या मनात आलं होतं. नाव ठरलं होतं, ‘गुलाब माझे सोबती’. खाली नाव, नीळकंठ वझे. नाना छत्तीस वर्षं कारखान्याच्या टर्बाइन विभागात होते, पण इंद्रपुरी वसाहतीत त्यांना सगळे ओळखत ते गुलाबांमुळे. वसाहतीच्या प्रदर्शनातले अकरा चषक अजून टीव्हीच्या वरच्या फळीवर होते. वही मात्र आजी लिहायची. काय करायचं ते नाना सांगायचे, आजी ते करायची आणि लिहून ठेवायची, रविवारी नाना तपासायचे. जुई नुकतीच वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने वही टाइप करायची, शास्त्रीय चुका काढायच्या आणि बिट्टन मार्केटच्या छापखान्यात आज साडेआठच्या आत पाठवून द्यायची, एवढंच.

वही हातात देताना आजी म्हणाली होती, “नीट वाच. नुसती उतरवू नकोस.”

जुईला वाटलं होतं, अक्षर लागणार नाही म्हणून सांगतेय.

सकाळी ती चुका काढायला बसली आणि तिथेच अडली, कारण चुका नव्हत्या. त्र्याऐंशीच्या मार्चमधली ही नोंद:

*बोगनवेलीला पाणी कमी द्यावे.*
*तहानेने ती जास्त फुलते.*
*फुलली की बघणारे म्हणतात,*
*किती आनंदात आहे.*

शेजारी लाल पेन्सिलीत: “प्रयोग करून पाहिला. खरे आहे.”

खरंच होतं ते. पाण्याचा ताण पडला की बोगनवेल भरभरून फुलते, हे जुईने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं, चार मार्कांसाठी. पण तिथे शेवटच्या दोन ओळी नव्हत्या. तिने नोंद पुन्हा वाचली. मग वहीवरून हात उचलला, गरम भांड्यावरून उचलावा तसा.

पुढे सत्त्याऐंशीची एक होती:

*मोगऱ्याची कुंडी सावलीत आणली.*
*सावलीत तो फुलत नाही, पण कोमेजतही नाही.*
*म्हणून आणणाऱ्याला वाटते,*
*आपण याला वाचवले.*

लाल पेन्सिल: “मोगऱ्याला ऊन हवे. कुंडी परत बाहेर ठेवणे.”

जुई एकटीच हसली, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. एका बाजूला रोपाचा व्यवहार, अगदी जसाच्या तसा, कुठेही ओढाताण नाही. दुसऱ्या बाजूला एक बाई. दोन्हीमधून एकच ओळ जात होती आणि ती कोणत्याही बाजूला खोटी पडत नव्हती. तिने शाळेत कविता शिकल्या होत्या, फुलांना हसवणाऱ्या आणि वाऱ्याला बोलायला लावणाऱ्या. त्या वाचताना तिच्यातली विज्ञानाची मुलगी नेहमी जराशी कंटाळायची. इथे तसं काहीच नव्हतं. इथे बोगनवेल फक्त बोगनवेलच होती, आणि तेच तर धक्का देत होतं.

मग तिला चूक सापडली.

गुलाबाचं कलम करायची जी रीत नानांनी घरात सगळ्यांना शिकवली होती, तिला डोळा भरणं म्हणतात. रानगुलाबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला छेद द्यायचा, चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलून त्या छेदात बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा जगला की म्हणायचं, लागला. ज्याच्या मुळांवर हे सगळं होतं तो रानगुलाब म्हणजे खुंट. भोपाळमध्ये हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करतात. उन्हाळ्यात साल सुटत नाही, डोळा दोन दिवसांत वाळून जातो.

आणि वहीत लिहिलं होतं, “१४ मे १९८६. दोन डोळे भरले.” शेऱ्यात, “हंगाम नाही. दोन्ही वाया.”

एखादी चूक असती तर तिने सोडून दिली असती. पण पुढच्याच जूनमध्ये परत तेच. मग सप्टेंबरात. तिने लॅपटॉपवर तक्ता केला आणि ‘डोळे भरले’ अशा सगळ्या नोंदी महिन्यांप्रमाणे मांडल्या. दोनशे चौदा निघाल्या. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत एकशे एकतीस. तिथे आकडे हवे तसे बदलत होते, कधी पाच, कधी अकरा, एकदा तेवीस. उरलेल्या नऊ महिन्यांत त्र्याऐंशी. त्यातल्या एकोणतीस एकट्या मे महिन्यात. आणि त्या त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी नोंदींत भरलेल्या डोळ्यांचा आकडा एकच होता. दोन.

जुई बराच वेळ त्या स्तंभाकडे बघत राहिली. दोन, दोन, दोन, खालपर्यंत. बाहेर बागेत नानांचा आवाज येत होता, आजीला सांगत होते की पाइप डावीकडे घे, डावीकडे, तुझ्या डावीकडे.

मग तिने दुसरा शब्द शोधला. “डोळा लागला नाही.” या नोंदी एकशे सहा होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे नानांनी लिहिलं होतं, “पट्टी सैल असावी.”

लॅपटॉप उचलून ती स्वयंपाकघरात गेली. तिची मम्मी, योगिनी, संक्रांतीसाठी तीळ भाजत होती. जुईने तिला तक्ता दाखवला आणि हळू आवाजात सांगितलं, काय सापडलं ते.

योगिनीने तीळ हलवायचं थांबवलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. आठ दिवसांवर सोहळा आलाय, बत्तीस माणसं पुण्याहून येतायत, नाना एक्क्याऐंशीचे झालेत. सासूबाईंना बोलायचं असतं तर त्या बोलल्या असत्या, त्यांना तोंड आहे. आणि खरं सांगायचं तर, योगिनी म्हणाली, जिथे बोलायला हवं होतं तिथेही त्या बोललेल्या नाहीत.

जुईला माहीत होतं मम्मी कशाबद्दल म्हणतेय. दोन हजार तीनच्या जूनमध्ये मम्मीला एका चांगल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. नेमणुकीचं पत्र घरी आलं होतं. जुई दोन वर्षांची होती. जेवणाच्या टेबलावर नाना म्हणाले, आत्ता नको. बाबा म्हणाले, नाना म्हणतायत तर. आणि आजी आमटी वाढत राहिली. मम्मीने हे कधी भांडून सांगितलं नव्हतं. पण वीस वर्षांत या घरातली आमटी तिने एकदाही मागून घेतली नव्हती.

“तारीख काय होती?” जुईने विचारलं.

“सोळा जून. सोमवार होता.”

जुईने वही उघडली. सोळा जूनची नोंद होती. तिने वाचायला सुरुवात केली आणि मग न वाचताच वही मम्मीपुढे धरली.

*शेजारच्या खुंटाला आज कोंब आला होता.*
*चांगला जाड, लाल.*
*घरात कोणी खुडला ते मी पाहिले.*
*माझे हात भरलेले होते.*
*दोन डोळे भरले.*

लाल पेन्सिल: “कोणता खुंट? क्रमांक लिहिणे.”

योगिनीने ते वाचलं. परत वाचलं. तीळ करपल्याचा वास आला तसा जुईनेच गॅस बंद केला. मम्मी पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडे होते.

“काका कधी येतोय?” तिने विचारलं.

“साडेपाचला.”

“मग येऊ दे. तू बोल. मी आहे.”

जितेंद्रकाका चार इमलीच्या सरकारी वसाहतीतून आले ते मुखपृष्ठाचं प्रूफ घेऊनच. सचिवालयातल्या वीस वर्षांनी त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरली होती की ती वेगळी काढता येत नसे. मुखपृष्ठावर नाना होते, हातात कात्री, मागे लाल गुलाब. सगळे टेबलाभोवती बसले: नाना, काका, जुईचे बाबा सत्यजित, मम्मी. आजी बागेतून आत आली, पाय धुतले आणि खिडकीजवळच्या स्टुलावर टेकली. काकांनी प्रूफ फिरवलं आणि जुईला म्हणाले, चल बेटा, तुझं फाइनल दे, साडेआठला तो शटर टाकतो.

जुईने सांगितलं. आकड्यांपासून सुरुवात केली, कारण तिला तेवढंच न अडखळता सांगता येत होतं. दोनशे चौदा, एकशे एकतीस, त्र्याऐंशी. मग म्हणाली की ही गुलाबांची माहिती नाही. या कविता आहेत. आणि त्या आजीच्या आहेत.

 बाबा हसले, त्यांच्या सवयीने, वातावरण हलकं करायला. म्हणाले, आपल्या घरात कविता, तीसुद्धा रकान्यांत. काका हसले नाहीत.

“जुई,” ते म्हणाले, “तू एक्सेलमध्ये बसवून आजीला रडवलंस. लिहिताना हात चुकतो माणसाचा. मे काय नि जानेवारी काय.”

“त्र्याऐंशी वेळा?” मम्मी म्हणाली.

काकांनी वहिनीकडे बघितलं. या टेबलावर तिचा आवाज एवढा सरळ त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. ते जरा मऊ झाले. त्यांचं म्हणणं एवढंच, की समजा असेलही. पण नानांच्या सोहळ्यात नानांचीच पोलखोल करायची का? लोक काय वाचतील, की वझ्यांच्या घरात बाई चाळीस वर्षं रडत होती आणि साहेब शेरे मारत होते? चूपचाप गुलाबांचं पुस्तक म्हणून जाऊ दे. ज्याला कळायचं त्याला कळेल. बाबांनी मान हलवली. ते नेहमी शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूला असायचे. मम्मीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान हलवायची थांबवली, आणि मग नक्की कुठे ठेवावी हे न कळल्यासारखे ते प्रूफ न्याहाळू लागले.

“तसं गेलं तर कोणालाच कळणार नाही,” जुई म्हणाली. “वर नानांचं नाव असेल. मग या ओळी कायमच्या खतपाण्याच्या होऊन जातील.”

आजी खिडकीतून बाहेर बघत होती. जणू दुसऱ्याच कोणाच्या वहीबद्दल चाललं होतं.

“वही इकडे दे,” नाना म्हणाले.

त्यांनी चष्मा बदलला. “मे दाखव.”

जुईने खुणा केल्या होत्या. नाना एकेक पान उलटत गेले. बोट आधी निळ्या अक्षरांवर, मग स्वतःच्या लाल अक्षरांवर. एकोणतीस नोंदींना त्यांना पंधरा मिनिटं लागली. टर्बाइनचं रेखाचित्र तपासावं तसे ते तपासत होते, ओठ मिटून. मध्येच एका पानावर थांबले. ते पान जुईला पाठ झालं होतं:

*खुंटाला नाव नसते.*
*तो काट्यांसकट वाढू द्यावा पेन्सिलीएवढा,*
*मग साल उचलून त्यात परका डोळा बसवावा.*
*घट्ट बांधावे.*
*डोळा लागला की खुंटाचा शेंडा छाटावा.*
*पुढे त्याला खालून कोंब आले तर रोज खुडावे.*
*फूल आले की पाटीवर*
*फुलाचे नाव लिहावे.*

शेऱ्यात त्यांनी तेव्हा लिहिलं होतं, “उत्तम. पट्टी २१ दिवसांनी सोडावी.”

नानांनी चष्मा काढला. घरातले सगळे त्यांच्याकडे बघत होते, पण ते खिडकीकडे बघत होते.

“मेमध्ये डोळे कोणाचे भरलेस?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसं विचारलं.

“माझे,” आजी म्हणाली.



“आणि हे, डोळा लागला नाही?”

“झोप नाही लागली.”

“मी लिहिलंय, पट्टी सैल असावी.”

“हो. वाचायचे मी. एकदोनदा हसूसुद्धा आलं.”

बाबा खुर्चीत पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावरून तो हलकेपणा पार गेला होता. आईला त्यांनी विचारलं, की मग सरळ का नाही लिहिलंस, कविता म्हणून, वेगळ्या वहीत.

आजी म्हणाली की लिहीत होती. मग तिने सांगितलं, कोणाची तक्रार करावी तसं नाही, जुनी गोष्ट सांगावी तसं. एकोणऐंशी साली वसाहतीच्या मराठी मंडळात कोजागिरी होती. तिने एक कविता वाचली, मोठ्या तळ्याची. तळ्याला सगळे शांत म्हणतात, कारण बाहेर जायला त्याला कोणी वाट ठेवलेली नाही, असं काहीतरी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकाने यांना विचारलं, वझेसाहेब, वहिनींना घरी काही त्रास आहे का. हे घरी आले. जेवले. मग म्हणाले, हे असलं नको. लिहायचंच आहे तर काहीतरी उपयोगाचं लिही.

“मी असं म्हणालो?” नानांनी विचारलं.

“म्हणालात. आणि महिन्याभरात वहीपण आणून दिलीत. चांगली जाड होती. रकाने पाडलेली.” आजी थोडी थांबली. “मग मी उपयोगाचं लिहिलं.”

 जुईच्या डोळ्यांपुढे ते सगळं एकदम उभं राहिलं: जितकी जागा दिली तितक्यातच वाढलेलं, दर रविवारी तपासणाऱ्याच्या नजरेखालून जाणारं, आणि तरी एकदाही न सापडलेलं. सदतीस वर्षं. प्रयोगशाळेत एखादी पेशी कमी जागेत, कमी प्रकाशात, उलट्या परिस्थितीत जगलेली दिसली की तिचे सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता हात वर करायचे, म्हणजे कोणी बोलू नका. तिला आत्ता तसा हात वर करावासा वाटला.

बोलले ते नानाच.  ते म्हणाले की पुस्तक हिच्या नावाने निघेल. आणि निघेल ते जसंच्या तसं. निळं निळ्यात, लाल लालमध्ये. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड झाकायची नसते. माझा प्रत्येक शेरा छापा, खाली माझी सही घाला. मी काय समजलो आणि काय नाही, ते लोकांना कळू दे.

काकांनी कपाळाला हात लावला, पण त्यांचेही डोळे ओले झाले होते. बाबा उठून नानांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. मम्मीनेसुद्धा मान खाली घातली. एवढं मोकळं बोलणं या माणसाकडून त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि सगळ्यांना वाटलं की गोष्ट इथे संपली, चांगल्या तऱ्हेने संपली. जुईलाही क्षणभर तसंच वाटलं.

“नको,” आजी म्हणाली.

सगळे वळले.

“लाल नको. वहीत आहे ते वहीत राहू दे, पुसा म्हणत नाही मी. पण पुस्तकात मला तुमचं अक्षर नको.”

“आई,” काका म्हणाले, “नाना स्वतःची चूक मान्य करतायत. बडी बात आहे ही.”

“करू देत की. त्यासाठी त्यांनी वेगळी वही घ्यावी.”

मम्मीच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने ते खोकल्यात बदललं. आजीने तिच्याकडे बघितलं, आणि जुईला दिसलं, की वीस वर्षांत या दोघींनी एकमेकींकडे असं सरळ बघितलेलं तिने पाहिलं नव्हतं.

नाना काहीतरी म्हणणार होते. त्यांचं तोंड उघडलंही होतं. आजी थांबली, त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्यावं म्हणून, जशी ती कायम थांबत आली होती. नानांनी तोंड मिटलं.

मग आजीने बाकीचं सांगून टाकलं, भाजी काय आणायची ते सांगावं तसं. रविवारचा सोहळा यांचा आहे, त्यात तिची वही कशाला? गुलाबांचं पुस्तक हवं असेल तर यांनी लिहावं, यांना सगळं येतं. तिचं वेगळं होईल, होईल तेव्हा. आणि त्यात काय घ्यायचं ते ती ठरवेल. खताच्या नोंदी नकोत, औषध फवारल्याच्या नकोत. सगळ्यांना घाई असेल तर तिला नाही.

“जितू, त्या छापखान्यावाल्याला सांग आज नाही म्हणून.”

काका फोन घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. फोन त्यांनी टेबलावर उलटा ठेवला.

“जुई,” आजी म्हणाली, “तुझं ते मशिन उघड. मी वाचते, तू लिही. माझं अक्षर मलाच लागेल.”

मम्मीने टेबलावरचं प्रूफ बाजूला केलं आणि आजीला स्टुलावरून उठवून खुर्ची दिली. आजीने चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या. वहीवर एक पोस्टकार्ड आडवं धरलं, चौथा रकाना झाकला जाईल असं, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आवाज अगदी साधा होता, हिशेबाची वही वाचावी तसा, चढ नाही, उतार नाही. ओळ संपली की ती थांबायची, जुईची बोटं थांबेपर्यंत. नको असलेल्या नोंदीवरून बोट खाली सरकवायची. बोगनवेलीला पाणी कमी द्यावे. बाबांनी हाताने तोंड झाकून घेतलं. मोगऱ्याची कुंडी सावलीत आणली. काका टेबलाच्या कडेकडे बघत होते. सोळा जून आला तेव्हा आजीने आवाज बदलला नाही, आणि मम्मीने न बोलता आपला हात टेबलावर तिच्या पोस्टकार्डाशेजारी ठेवला.

नाना ताठ बसून होते. कान चांगला होता तो त्यांनी तिच्याकडे केला होता. एका कवितेच्या ओघात कडुलिंबाच्या पेंडीचं प्रमाण आलं आणि ते चुकलं होतं, जुईलाही कळलं. नानांचा हात टेबलावरून दोन बोटं वर उचलला गेला आणि तिथेच थांबला. मग खाली गेला.

साडेआठला काकांचा उलटा ठेवलेला फोन टेबलावर थरथरला. कोणी तिकडे बघितलं नाही. आजी शेवटच्या पानावर होती.

*पट्टी सोडायची राहिली.*
*आता खोडाने ती गिळली आहे.*
*बाहेरून दिसत नाही.*

जुईने पूर्णविराम दिला आणि विचारलं, की त्यानंतर लिहायचं का थांबवलंस.

“वही संपली,” आजी म्हणाली, आणि चष्मा काढला.

वाचन सहा चाळीसला सुरू झालं होतं आणि आठ बत्तीसला संपलं. एक तास बावन्न मिनिटं, एकशे एकोणचाळीस नोंदी. नाना मध्ये एकदाही बोलले नाहीत.